दारात गाडी आली तर

वन्सं,

यांना सूप भरवलंय. दुपारची गोळी तुम्ही द्या. कूस बदलताना लुळा हात आधी धरा.

आमच्या कारखान्यातले सुपरवायझर मला न्यायला गाडी घेऊन येतील. त्यांना सांगा, ती आज येणार नाही आणि पुढेही कधी नाही. काल ते म्हणाले, "नवरा अंथरुणाला खिळलेला, तू अजून किती वर्षं अशी काढणार?" मला राग यायला हवा होता. बरं वाटलं.

मी चर्चमध्ये फादरकडे कबुली द्यायला चाललेय. हल्ली प्रार्थनेत काहीच वाटत नाही, नुसते ओठ हलतात. तेही सांगेन.

यांनी विचारलं तर काही लपवू नका. अंग पुसायचं मात्र ठेवा, ते मी आल्यावर करते.