दुसऱ्या गुडघ्याची तारीख

रश्मी,

सासूशी असं वागतात का गं? ऑपरेशन झालेली बाई खाटेवर पडलेली, आणि तू चहा ओसरीत नेऊन ठेवणार. वर म्हणणार, "प्यायचा असेल तर चालत या." चंदन बिचारा माझं तोंड पाहून म्हणायचा, "राहू दे, आईला दुखतंय." तर तू त्यालाच बाहेर काढलंस आणि पायाला टॉवेल अडकवून माझा गुडघा वाकवलास. मी शिव्या घातल्या, तू ऐकून घेतल्यास, पण टॉवेल काही सोडला नाहीस.

आता इतवारा पेठेत शारदावन्संकडे चालले आहे. रिक्षा करीन, पण त्यांचा जिना माझी मीच चढणार. काठी घेतली आहे, मागे धावत येऊ नकोस. त्या मला बघायला आल्या तेव्हा मी तुझ्याबद्दल नाही नाही ते बोलले होते, आणि त्यांनी ते साऱ्या नात्यात पोचवलं. आज खरं काय ते सांगून येते. फोनवर त्यांना पटायचं नाही, जिना चढलेली बघतील तेव्हा पटेल.

वरण शिजवून झाकलं आहे, फोडणी तू दे.

दुसऱ्या गुडघ्याला मी नाही म्हणत होते ना? डॉक्टरांकडून तारीख घे. चंदनला तेवढे दिवस बहादरपूरला केळीच्या बागेत पाठव, त्याला माझं रडणं बघवत नाही. आल्यावर तुझ्या तोंडावर बोलणारच आहे, पण आधी वाचून ठेव: रश्मी, तू फार कठोर बाई आहेस, आणि माझ्या पायाला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपणार नाही.