हे बघायला गेले

४ जानेवारी ९७, सातारा
शेजारच्यांकडे शुभाचा फोन. वन्संच्या ह्या मुलीला आडवळण ठाऊकच नाही. 'मामी, सांगलीला या. तुमचा आवाज पाहिजे.' ती शिकवते त्या कॉलेजात प्रदर्शन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पंडित. झाडं, प्राणी, दगड, तारे, दिसेल त्यावर लिहून ठेवणारा. स्लाइड, टेप, संगणक सगळं एकत्र. त्याला मल्टिमीडिया म्हणायचं. मराठी निवेदन मी वाचायचं.
म्हटलं, कॉलेजात बायका नाहीत का? 'आहेत की. पण त्या वाचत नाहीत, भाषण ठोकतात.'
हे दाढी करायचे तेव्हा मी रोज पेपर वाचून दाखवायचे. सातवी झालेल्या बाईचा सराव तेवढाच. बाकी वाचनालयानं शिकवलं.
जाते म्हटलं. मग दिवसभर उगीच कपाट आवरत बसले. सांगली म्हटलं की अजून हात कुठंतरी गुंतवावे लागतात.

९ जानेवारी, सांगली
शुभाने लिहिलेलं वाचलं. पंडिताचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला रोमकर म्हणते. शुभा आधी रागावली, आता तीही म्हणते.
मोठा गोड माणूस. आंघोळ करतानासुद्धा कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. आपल्या हिंदुस्थानाबद्दल लिहिलंय की इथं एका पायाची माणसं राहतात, उन्हात पाठीवर पडून तोच पाय छत्रीसारखा वर धरतात. कुणीतरी सांगितलं, ह्यानं लिहून टाकलं. ह्यांना हे फार आवडलं असतं. ह्यांचा पण कशावरही विश्वास बसायचा. रस्ता खणत असले तरी सायकल टेकवून उभे. घरी आल्यावर खाली काय काय निघालं ते मला सांगणार. दूध आणायचं राहिलेलं असायचं.
वन्सं म्हणाल्या, 'दादा तसाच. स्वतःच्या लग्नात आम्ही ह्याला मंडपभर शोधतोय, हा आचाऱ्याजवळ बघत उभा.'

१० जानेवारी
रोमकर गेला त्याचा भाग आज वाचला. समुद्रापलीकडच्या डोंगरातून, ज्वालामुखी होता तो, विचित्र ढग उठला. जवळून बघावा म्हणून रोमकराने होडी काढायला सांगितली. भाच्याला विचारलं, येतोस? भाचा म्हणाला, अभ्यास आहे. होडीत चढणार तेवढ्यात डोंगराखालच्या एका बाईची चिठ्ठी आली, सोडवा म्हणून. मग मोठी गलबतं घेऊन गेला. लोक डोक्याला उशा बांधून पळत होते, वरून दगड पडत होते. तिथंच किनाऱ्यावर प्राण गेला. भाच्याने पुढं सगळं लिहून ठेवलं.
कागद मिटून ठेवला.
शुभा शाळेत होती त्या वर्षी हे राखीपौर्णिमेला वन्संच्या ह्याच घरी आले होते. कृष्णेला पाणी चढलं होतं. पूर आला की सांगलीचे लोक पाणी बघायला जातात, जत्रेला गेल्यासारखे. हे जेवून गेले ते आलेच नाहीत. नदीनं पार खाली नेऊन सोडलं.
आमच्या घरात मात्र 'मदतीला गेला' असंच म्हणायचं. कराडच्या भाऊजींनी तसं पहिल्या दिवशी सांगितलं आणि तेच राहिलं. मी तेव्हा साताऱ्यात. कुणाला काही विचारलं नाही. काय ऐकावं लागेल या भीतीनं.

११ जानेवारी
रेकॉर्डिंग. रिक्षांचा आवाज येऊ नये म्हणून वर्गाच्या खिडक्यांना गाद्या लावलेल्या. शुभा म्हणाली, 'उशा पण आहेत, डोक्याला बांधू का?'
बरं चाललं होतं. मग ते वाक्य आलं. कागदावर होतं, 'पर्वतातून निघणारा धूर पाहून तो निरीक्षणासाठी निघाला.' माझ्या तोंडून गेलं, 'डोंगरातून धूर यायला लागला आणि हे बघायला गेले.'
रोमकर सगळीकडे 'तो'. तेवढ्या एका वाक्यात 'हे'. आणि गेले.
शुभाने टेप थांबवली नाही. मीही पुढं वाचत गेले. थांबले असते तर पुन्हा आवाज लागला नसता.

११, रात्री
चपात्या करताना शुभाला म्हटलं, ते वाक्य उद्या परत घेऊ. म्हणाली, 'कशाला? खरं तर आहे.'
'काय खरं?'
मग तिनं सांगितलं. त्या दिवशी हे चप्पल घालता घालता म्हणाले होते, 'शुभे, पाणी बघून येतो. येतेस का?' तिची दुसऱ्या दिवशी चाचणी होती. नाही म्हणाली.
'आणखी काही बोलले?'
'आल्यावर चहा कर म्हणाले. आलं घालून. आईसारखा पांचट नको.'
वन्सं आतून म्हणाल्या, 'ऐकतेय मी.' आम्ही तिघीही हसलो. मग वन्सं बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.
म्हणजे बघायलाच. पण रोमकरसुद्धा बघायलाच निघाला होता. वाटेत चिठ्ठी आली. ह्यांना वाटेत कुणी हाक मारली की नाही, ते लिहायला कुणी नव्हतं.
वाक्य तसंच राहू दिलं. भाऊजी कराडहून येणारेत ऐकायला. त्यांनाही ते वाक्य ऐकावं लागणार.

१८ जानेवारी
प्रदर्शन सुरू. अंधार केलेल्या हॉलमध्ये डोंगर पेटतो आणि वरून माझा आवाज. आपलाच आवाज परक्या बाईसारखा वाटतो. कडेगावकडचं एक जोडपं माझ्या पुढ्यात उभं होतं. बाई म्हणाली, 'आवं, ह्येची बायकू सांगतीया व्हय समदं?'
नवरा म्हणाला, 'गप ऐक. दोन हजार वर्सं झाली त्येला.'
'मग काय झालं? बायकूच हाय ती. "ह्ये" म्हनली न्हाई का आत्ता?'
मी मागच्या मागे बाहेर आले. बाहेर ऊन लागेना का, बरं वाटलं.

१९ जानेवारी
भाऊजी आले. टोपी हातात धरून सगळं ऐकलं. शो संपला, लोक गेले, भाऊजी जागेवरच. दुसरा शो लागला, तोही ऐकला. बाहेर आल्यावर म्हणाले, 'वहिनी, आवाज चांगला आलाय.' तेवढंच.
कॅन्टीनमध्ये बसलो. चहा आला. बशीत ओतला आणि तसाच ठेवला. म्हणाले, 'दादा मदतीला गेला होता.'
इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. 'कुणाच्या, भाऊजी?'
रागावतील वाटलं. रागावले नाहीत. म्हणाले, 'तेच शोधत होतो. पाणी उतरल्यावर काठाकाठानं फिरलो. म्हशीवाले, नाववाले, वीटभट्टीवाले. दर पावसाळ्यानंतर जायचो. गुडघे होते तोवर. म्हटलं, एक माणूस तरी भेटेल, म्हणेल की हो, मला ओढून काढलं त्यांनी.'
'मला बोलला नाहीत कधी.'
'काय बोलणार? कुणी भेटलं असतं तर त्याला घेऊनच साताऱ्याला आलो असतो.'
बशी मी त्यांच्याकडे सरकवली. प्याले. थंड झाला होता.
मग शुभा आली. म्हणाली, प्रदर्शन आता कराडला जाणार आहे. ते वाक्य बदलायचं तर टेप उद्याच करायला हवी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, 'तुम्ही ठरवा, वहिनी. "हे" तुमचे.'
उद्या सकाळी कॉलेजात जायचंय. काय वाचणार, अजून माहीत नाही.