चहाच्या चोथ्याच्या कुंड्या

१२ मार्च २००४, कापूरहोळ
हॉटेलात रोज बादलीभर चहाचा चोथा निघतो. परसात ढीग झालाय. ह्यांचं म्हणणं, ओढ्यात टाक. माझा जीव होत नाही. आज चोथ्यात मैद्याची खळ आणि भिजवलेला पेपर मळून स्टीलच्या ग्लासावर थापला. पाच कुंड्या झाल्या. वाकड्या, पण माझ्या.

१४ मार्च
वाळल्या. खणखणीत! गुंजवण्याचे तात्या, रोपवाटिकावाले, चहाला थांबले होते. त्यांना दाखवल्या. लावताना पिशवी फाडली की पपईची मुळं तुटतात, ही त्यांची कायमची रड. म्हटलं, रोप ह्या कुंडीसकटच लावा, ती मातीत विरघळते. (मला कुठं माहीत होतं!)
तात्या : "मुळी कुंडीतनं भाईर आली तर हंगामभर तुमच्याच घेतो, भाबी. न्हाई आली तर न्हाई."

१९ मार्च
सत्यानाश. पंचवीस केल्या होत्या, सकाळी बघते तर सगळ्यांना मुंग्या. निम्म्या पोखरलेल्या. आपला चहा साखर घालूनच उकळायचा, मग चोथाही गोडच की! एवढं डोक्यात आलं नाही. हे पोट धरून हसले. "मुंग्यांना हॉटेल काढून दिलंस." आधी रडू आलं, मग मीही...

२३ मार्च
चोथा तीन पाण्यांनी धुतला. नव्या दहा. अजून मुंगी फिरकली नाही.

२ एप्रिल
दहाही तात्यांच्या टेम्पोतून गेल्या.

११ मे
तात्यांचा निरोप : रोपं वीतभर झाली, कुंडीसकट जमिनीत लावली. मुळ्यांबद्दल एक अक्षर नाही! दिवसभर ह्यांच्यावर उगीच खेकसले.

६ जून
गुंजवण्याला जाऊन आलो, हेही आले. दहातली आठ तरारलीत. तात्यांनी एका रोपाला हात घातला. "उपटून बगू. मुळी भाईर आली का कळंल." त्यासाठीच तर गेले होते. आणि मीच ओरडले, "उपटू नका!"
"मग भाबी, कळायचं कसं?"
शेंड्याला नवं पान फुटत होतं. म्हटलं, वाढू दे की.
तात्या हसले. "बरं. मग म्या बी थांबतो."
येताना एसटीत हे म्हणाले, "हातातली ऑर्डर घालवलीस."
घालवली नाही, लांबली. लई बरं वाटतंय आज. उद्यासाठी चोथा भिजत घातलाय.