तू खोलीत नव्हतीस ती चार मिनिटं

ग्वाल्हेर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. तन्वी,
डोक्यावरून हात फिरवल्याचं समज.

इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. थंडी पडू लागली. तुझे आई-बाबा दिवसभर आपापल्या ऑफिसात. सिटी सेंटरच्या या फ्लॅटमध्ये मी आणि गॅलरीतलं ऊन. काल रिक्षाने गोरखीतल्या माझ्या जुन्या शाळेपर्यंत जाऊन आलो. शाळा सुटत होती. पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून चालली होती, पण मला आपल्या वर्गातल्या कविता ऐकू येत राहिल्या. चाळीस वर्षं शिकवलेल्या ओळी कानातून जात नाहीत.

फोनवर तीनदा सांगायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा थंडीवरच बोललो. म्हणून हे पत्र.

तुझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय वाचला. माथ्यावर सोनिकाचे शब्द घातलेस. (सोनिका हे तू दिलेलं नाव; खरं मीही लिहीत नाही.) ‘मामा के घर की छत पर कबूतर आते हैं। मैं दाना डालती हूँ, वो मेरे हाथ पर उतर आते हैं।’ आणि खाली लिहिलंस, बालगृहातल्या मुलांच्या मनात घराची ओढ कशी टिकून असते. ‘नाना, नऊ वर्षांची पोर काय सुंदर बोलते ना!’ असं त्या दिवशी म्हणालीस. मी नुसतं हं केलं.

सुंदर ती बोलली नव्हती गं. सुंदर मी केलं.

रेकॉर्डिंग ऐकून उतरवायचं काम मला दिलंस, तेव्हा गुप्ततेच्या कागदावर माझी सही घेतलीस आणि बजावलंस, ‘जसं ऐकू येईल तसं लिहायचं. अडखळणं, गप्प बसणं, सगळं. शुद्धलेखन तपासलंत तर तुम्हालाच अंगठे धरून उभं करीन!’ किती हसलो होतो आपण. पण लाल पेन्सिल हातातून सुटली तरी बोटांतून सुटत नाही. एखाद्या मुलाचं वाक्य तुटलं की मी जोडायचो. तेच ते पुन्हा आलं की गाळायचो.

फेब्रुवारीतली तिची मुलाखत आठव. मधेच अधीक्षक सुलोचनाबाईंनी तुला बाहेर बोलावलं. रेकॉर्डर टेबलावर चालूच राहिला. चार मिनिटं. कबुतरांचं बोलणं त्यातलंच आहे. पण त्यानंतर ती थांबली, आणि रेकॉर्डरच्या अगदी जवळ तोंड नेऊन, श्वास ऐकू येईल इतक्या जवळून म्हणाली, ‘दीदी, मामा के घर मत भेजना.’ मग काही नाही. मग पुन्हा तेच. मी पाच वेळा मोजलं. मग तू आलीस, आणि ती म्हणाली, ‘कुछ नहीं.’

मी ते लिहिलं नाही.

का? तू खोलीत नव्हतीस, म्हणजे ही मुलाखतच नव्हे, अशी समजूत घातली स्वतःची; कबुतरं मात्र त्याच चार मिनिटांतली ठेवली. पोरं रुसतात, असंही म्हटलं. पण खरं सांगू? ‘मामाचं घर’ हे शब्द कानावर पडले आणि मी झाशीला पोचलो. माझे मामा, अंगणातली बाज, मामीने भरवलेले आंब्याचे काप. शाळेतल्या कवितांतही मामाचं घर म्हणजे लाडच. तिथे जायला कुणी भिईल, हे माझ्या कानांनी मानलंच नाही. कबुतरं हातावर उतरली तिथे मी पूर्णविराम दिला. फार छान शेवट वाटला होता.

जूनमध्ये तिला मामाकडे सोपवलं, ते तुला माहीत आहे. दिवाळीनंतर ती बालगृहात परत आली, हे माहीत नसेल; मला सुलोचनाबाईंकडून कळलं. डावा हात प्लास्टरमध्ये. मामा म्हणतो, जिन्यावरून पडली. ती कुणाशी बोलत नाही. सोमवारी, २ डिसेंबरला बालकल्याण समितीसमोर सुनावणी आहे आणि मामाने तिला परत मागितलंय. तिच्या तोंडचं, आधीचं असं जे काही आहे ते फक्त त्या चार मिनिटांत आहे.

जिवाला धोका असेल तर तुमचं बोलणं मला समितीला सांगावं लागेल, असं तू प्रत्येक मुलाला आधीच सांगितलं होतंस. म्हणून समितीला कळव, आजच. सोबत चार मिनिटांची खरी प्रत पाठवतोय, गप्प राहिलेले सेकंदसुद्धा मांडून. चौथा अध्याय काढावा लागेल, प्रबंध लांबेल, मार्गदर्शक रागावतील. त्यांना माझं नाव सांग. बाकीची रेकॉर्डिंगंही दुसऱ्या कुणाकडून ऐकवून घे. मी आणखी काय काय गाळलं असेल, मला आठवत नाही.

एक राहिलं. तिला न विचारता हे लिहायचं नव्हतं, म्हणून परवा सुलोचनाबाईंची परवानगी काढून भेटायला गेलो. सांगितलं, की मी दीदीचा आजोबा, मशीनमधलं बोलणं मीच लिहीत होतो. विचारलं, ‘दीदी को बता दूँ?’ तिने हो म्हणून मान हलवली. मी उठलो, तशी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, असं बाई म्हणाल्या.

‘आपने तब सुन लिया था?’

‘हाँ बेटा, सुना था.’

‘तो?’

तन्वी, आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारले मी. घरी आलो आणि ती चार मिनिटं पहिल्यापासून उतरवायला बसलो.

या पत्राचं उत्तर मला नको. सोमवारच्या आत समितीला पोचेल असं कर.

सगळं ऐकलेला,
नाना