तुम्ही थांबलात? आम्ही आलो!

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या दिराचा शिरसाष्टांग नमस्कार. (त्यातला उजवा गुडघा सध्या टेकायला तयार नाही, तेव्हा आठापैकी सातच अंगांचा नमस्कार पोचला असं समजा. गुडघा बरा झाला की बाकीचा पाठवतो.) तुमचं ब्लड प्रेशर कसं आहे? पायांची सूज उतरली का? दादाच्या खुर्चीत येऊन झोपणारं ते एका कानाचं मांजर अजून येतं का? फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणजे खरं तर आपलं छान जमायला हवं होतं. पण मागच्या वेळी मी ओरडून तुमची तब्येत विचारली, तेव्हा शेजारचे दोघे भांडण सोडवायला आले. म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फौजेतून मोकळा झाल्यावर पहिले काही दिवस लोकांनी हार घातले, मग विचारायला लागले, ‘आता काय?’ बावीस वर्षं मी ट्रकच्या पोटाखाली काढली. तिथे ‘आता काय’ असं कुणी विचारत नाही, ते वरून सांगण्यात येतं. घरात मी हिचे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले. हिने ते पुन्हा होते तसे लावले आणि म्हणाली, ‘रिटायर तुम्ही झालात, मी नाही.’ मग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी चालून आली. बंदूक खरी होती, गोळ्या मिळणार नव्हत्या. चोर आला तर काय करायचं, असं मी विचारलं. मॅनेजर म्हणाले, ‘गोळ्या नाहीत हे त्याला कुठे माहीत आहे?’ (हे त्यांनी मला इतक्या मोठ्याने सांगितलं की रांगेतल्या सगळ्यांना कळलं.) ती नोकरी मी घेतली नाही. तेव्हापासून ही माझ्याशी बोलते, पण भिंतीकडे बघून.

अशात एक टायवाला भेटला. त्याची कंपनी चालती गॅरेजं विकते. म्हणजे एक व्हॅन, तिच्यात हत्यारं, जॅक, बॅटऱ्या, हवा भरायचं यंत्र आणि शहराचा एक तुकडा. त्या तुकड्यात ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यापर्यंत आपण जायचं आणि जागेवर दुरुस्त करून द्यायची. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘तुम्ही थांबलात? आम्ही आलो!’ एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हा फौजेतून सुटलेल्या लोकांना बसवून त्याने चहा पाजला. ‘शिस्त हेच तुमचं भांडवल,’ असं म्हणाला आणि लगेच खऱ्या भांडवलाचा आकडा सांगितला. मला फौजेतून जे एकरकमी मिळालं, त्याच्याशी तो आकडा इतका तंतोतंत जुळत होता की मला कौतुकच वाटलं. ही मात्र खूश झाली. तिच्या हिशोबाने यात सगळ्यात मोठा फायदा असा, की व्हॅन चालती असल्यामुळे मी दिवसभर घरात नसेन.

सही करण्याआधी एक दिवस जुन्या भागीदाराबरोबर फिरून बघा, असं टायवाला म्हणाला. या भागीदाराला कंपनीत ‘यशस्वी’ म्हणतात. (पूर्ण नाव ‘यशस्वी भागीदार’. माहितीपत्रकावर त्याचा फोटो आहे, त्यात तो हसतो.) तोही आपल्यातलाच, फौजेत वायरलेसवर होता. प्रत्यक्षात त्याच्या पाठीची चकती सरकलेली आहे आणि गाडीखाली गेला तर त्याला ओढून बाहेर काढावं लागतं. मी गेलो तो कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कारण उमेदवाराने हत्यारांना हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असा नियम होता. पहिला फोन एका इमारतीच्या तळघरातून आला. एका साहेबांची बॅटरी उतरली होती. आम्ही पोचलो तेव्हा ते फोनवर कुणाला तरी ‘हे लोक’ असे आहेत, तसे आहेत, असं सांगत होते. आम्ही समोर उभे राहिल्यावरही त्यांनी ते थांबवलं नाही. हे लोक म्हणजे आपण, हे कळायला मला थोडा वेळ लागला. फौजेत शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण त्या निदान माझ्या हुद्द्यासकट असायच्या.

दुसऱ्या फोनचं सांगण्यासाठीच वहिनी हे सगळं लिहितोय. शहराबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला एक गाडी बंद पडली होती. पत्ता बघून आम्ही गेलो, तर ती शववाहिका. आत मृत माणूस, बाहेर त्याची माणसं, आणि आमची व्हॅन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली ती पिवळी अक्षरं दाखवत. ‘तुम्ही थांबलात? आम्ही आलो!’ यशस्वीने व्हॅन वळवून दुसरी बाजू पुढे केली, पण त्या बाजूलाही तेच लिहिलेलं. वर कंपनीचा नियम असा, की उतरल्याबरोबर गिऱ्हाइकाला हसून नमस्कार करायचा आणि ‘आजचा दिवस चांगला जावो’ म्हणायचं. यशस्वी बिचारा नमस्कारापर्यंत गेला आणि पुढचं वाक्य खोकल्यात गिळलं.

डिझेलच्या नळीला टाकीजवळ चीर गेली होती, तिथून हवा शिरत होती. काम सोपं, पण खाली झोपून करायचं. यशस्वी पाठ धरून माझ्याकडे बघायला लागला. मी शर्टाकडे बघितलं आणि खाली शिरलो. खरं सांगतो वहिनी, फौजेतून सुटल्यापासून तेवढ्या बरं वाटणाऱ्या जागी मी गेलोच नव्हतो. डोक्यावर चेसिस, हातात पाना, वासही ओळखीचा. फौजेत माझा एक नियम होता. गाडीत कोण बसणार, ती कुठे जाणार, परत येणार की नाही, हे मेकॅनिकने बघायचं नाही. (हा नियम मी एकदा बघितल्यानंतर केला.) इथेही बघायचं नाही असं ठरवलं. पण खालून माणसांचे पाय दिसतात, आणि आवाज तर वरून आपोआप खाली येतो.

पॉलिश केलेले काळे बूट, म्हणजे मोठा मुलगा. पांढरे धावायचे बूट, म्हणजे धाकटा. एक पायांची जोडी लांब, ती शववाहिकेच्या ड्रायव्हरची, विडी ओढत असावा. पांढरे बूट म्हणाले, ‘चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे.’

‘आणि उरलेले चार?’ काळ्या बुटांनी विचारलं.

‘तेव्हाचं तेव्हा बघू. आधी घर तर काढून टाकू.’

‘आईला आजच सांगायचं का?’

‘आजच बरं. नाहीतरी रडतेच आहे.’

माझ्या हातातून नळीची क्लिप निसटून छातीवर पडली. तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं आणि चपला घातलेले दोन सुजलेले पाय अगदी सावकाश खाली उतरले. ते पाय गाडीला धरून माझ्या बाजूला आले. म्हातारीने एक हात रस्त्यावर टेकला, दुसऱ्याने गाडी धरली आणि वाकून खाली माझ्याकडे बघितलं. मी झोपूनच नमस्कार केला. दुसरं काय करणार?

‘किती वेळ लागेल?’ तिने विचारलं.

‘पाच मिनिटं, आई.’ (मेकॅनिक दुसरं काही सांगतच नाही.)

ती आणखी खाली वाकली. ‘तसं नाही विचारत. झालं असलं ना, तरी जरा पडून राहा. अजून हे माझ्याजवळ आहेत. पुढे पोचल्यावर यांचंही काय करायचं ते दुसरेच ठरवणार आणि माझंही.’

नळी बसली होती. क्लिप आवळून झाली होती. मी पडून राहिलो. बाहेर शंका येऊ नये म्हणून अधूनमधून पान्याने चेसिसवर ठोकत होतो. बावीस वर्षांत गाडी लवकर दे म्हणून माझ्यावर सगळे ओरडले, बंद राहू दे असं सांगणारी ही पहिलीच. ती परत आत जाऊन बसली. माझ्या डोक्याच्या वरच, मध्ये फक्त एक पत्रा. ती त्यांच्याशी बोलत होती. काय ते मी लिहीत नाही, पण बरंचसं घरातल्या साध्या गोष्टींबद्दल होतं, म्हणजे गॅस बंद केलाय, दूधवाल्याला सांगितलंय, असं. यशस्वीने दोनदा ‘झालं का?’ म्हणून हाक मारली, मी दोन्ही वेळा ‘नट फिरतोय’ म्हणालो. काळे बूट येरझाऱ्या घालायला लागले. शेवटी तिनेच आतून पत्र्यावर टकटक केलं. मी बाहेर आलो, ड्रायव्हरने हातपंप मारून हवा काढली आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. इतका वाईट झटका मी आयुष्यात ऐकलेला नाही.

यानंतरचं सांगायला लाज वाटते. काम झाल्यावर गिऱ्हाइकाकडून फोनवर तारे दाबून घ्यायचे असतात, पाच म्हणजे उत्तम. त्याशिवाय कंपनीत काम मिटत नाही. यशस्वी टोपी काढून, मान खाली घालून, दुखवट्याच्या लोकांपुढे फोन धरून उभा राहिला. काळ्या बुटांनी एक तारा दाबला आणि कारण लिहिलं, ‘उशीर’. शिवाय दुरुस्त गाडीबरोबर आनंदी गिऱ्हाइकाचा फोटो लागतो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी शववाहिकेच्या ड्रायव्हरलाच दया आली. विडी टाकून तो गाडीला टेकून उभा राहिला आणि सगळे दात दाखवून हसला. तो फोटो आता कंपनीकडे आहे. पुढच्या माहितीपत्रकात आला तर नवल नाही, मागच्या गाडीवरची ‘शववाहिका’ ही अक्षरं तेवढी पुसतील.

परतताना यशस्वीने आधी पाठीमागे उशी सरकवली. मग म्हणाला, ‘तुला जो भाग दाखवलाय ना, तो माझाच आहे. मी सोडतोय.’ गिऱ्हाइकांची ओरड नाही, तारेही चालतात, पण घरी जेवायला बसलो की फोन वाजतो, असं त्याचं म्हणणं. एकदा त्याच्या बायकोने कंपनीत फोन करून स्वतःच्याच पत्त्यावर गाडी बंद पडल्याची तक्रार नोंदवली. हा हत्यारं घेऊन धावत दारात पोचला, तर तिने ताट वाढून ठेवलं होतं. जेवला, हात धुतले. तिने त्याला दोन तारे दिले. हे सांगताना तो हसला, आणि मला कळलं की माहितीपत्रकावरचं हसणं हे नव्हतं.

तर वहिनी, घ्यावं की न घ्यावं? एकीकडे गाडीखाली पडल्यावर मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं, हे खरं. नुसता घरात बसलो तर मी डबे लावत लावत म्हातारा होईन. दुसरीकडे, ज्याची गाडी बंद पडते तो त्या दिवशी आयुष्यातल्या कुठल्या तरी वाईट ठिकाणी उभा असतो, आणि आपण तिथे पिवळी अक्षरं घेऊन जायचं, हसायचं, आणि तो निघून गेला की पुढच्या वाईट ठिकाणी जायचं. टायवाला उद्या येतोय. ही चहाचे चांगले कप काढून ठेवते आहे. दादा असता तर मला एक शिवी देऊन निर्णय सांगून मोकळा झाला असता. आता तुम्हीच थोरल्या, म्हणून तुमचा सल्ला मागतो. तब्येतीला जपा. गोळ्या मांजराला दिसतील अशा ठेवू नका.

तुमचा आज्ञाधारक (हे हिला वाचून दाखवू नका) दीर

ता. क. सल्ला नको. टायवाल्याला मी आज सकाळीच ‘नाही’ कळवलं. कप हिने परत कपाटात ठेवले, त्यातला एक फुटला. फुटला की फोडला, हे मी विचारलं नाही.

ता. क. २. आता खरं काय ते लिहितो. यशस्वीबरोबर फिरलो त्याच दिवशी संध्याकाळी मी शर्टाचे डाग घासत होतो, तेव्हा तुमच्या धाकट्या मुलाचा फोन आला. म्हणाला, ‘काका, आम्ही दोघांनी ठरवलंय. घर विकायचं, आई सहा महिने माझ्या दादाकडे, सहा माझ्याकडे. ती फक्त तुमचं ऐकते, तर तुम्ही एक पत्र लिहून तिला समजवा.’ हे ते पत्र. समजवण्याचा भाग कुठे राहून गेला कळत नाही.

ता. क. ३. तुमच्या फाटकापासून पायरीपर्यंतची मोकळी जागा मला भाड्याने द्याल का? वर पत्रे मी टाकतो, गाडीखाली शिरायला खड्डा मी खणतो. चालतं नको, बसतं गॅरेज काढतो. ज्यांना यायचं ते येतील, मी कुठेही जाणार नाही. बसने तासाभराचा तर रस्ता. रोज सकाळी येईन, दुपारी तुमच्याकडे जेवेन, अंधार पडायला घरी. हीसुद्धा तयार आहे, तिला मी दिवसभर घराबाहेर हवा होतो, कुठे ते महत्त्वाचं नव्हतं. ठोकाठोकीचा आवाज होईल, पण तुमच्या कानांना तो सोसेल. मुलांनी विचारलं तर सांगा, भाडेकरू ठेवलाय, जुना फौजी आहे. भाडेकरू एकदा बसला की घराचं काय होतं, हे त्या दोघांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.