गाढवाची लाल चड्डी आणि माझा बगळा

मु. आसगाव, ता. पवनी

आदरणीय जावईबापू जीवनराव यांना सासरे परसराम पेंटर यांचा सप्रेम जयभीम. (चुन्याने हात फाटले आहेत, अक्षर वाकडं आलं तर राग मानू नये.) आमच्या तब्येतीचं विचाराल तर गुडघे, कंबर आणि अब्रू ही तिन्ही सध्या दुखत आहेत. आपली तब्येत आणि नागपुरातली वकिली उत्तम असेलच. दीपमालाला सांगावं की बाप अजून चालतोफिरतो.

जावयाला दोष देऊ नये हे मला कळतं आणि मी देतही नाही. पण जानेवारीत आपल्या घरी चहा पिताना आपणच म्हणाला होतात की अमेरिकेतली जुनी कार्टूनं पंच्याण्णव वर्षं झाली की मोकळी होतात, मग कोणीही काढा, कोणाला विचारायचं काम नाही. मोबाइलवर ते शिटी वाजवणारं विलायती गाढवही दाखवलंत, यंदा एक तारखेला सुटलेलं. त्यापुढेही आपण पंधरा मिनिटं कायदा सांगत होतात, पण तेवढ्यात पोहे आले. (माझा सत्यानाश त्या पोह्यांनी केला असं मी सगळ्यांना सांगतो, म्हणजे आपल्यावर काही येत नाही.)

गावी येताच मी अकरा अंगणवाड्यांच्या भिंतींवर ते गाढव काढायला घेतलं. मूळचं गाढव काळंपांढरं. पहिल्याच भिंतीपाशी सेविकाबाई म्हणाल्या, "भाऊ, हे त श्रद्धांजलीच्या बॅनरसारखं दिसून राहिलं." म्हणून मी त्याला लाल चड्डी घातली, पिवळी टोपी दिली. इंटरनेटवर तसाही फोटो होताच. पोरं इतकी खूश झाली की खिचडी खाताना एक घास गाढवाला देऊ लागली.

महिनाभराने वरठीचा भुपेंद्र पेंटर पंचायत समितीत छापील कागद घेऊन हजर. त्यात लिहिलेलं की मोकळं झालंय ते फक्त पहिल्या सिनेमातलं काळंपांढरं, उघडं गाढव. चड्डी आणि टोपी त्याला पुढच्या सिनेमांत मिळाली, आणि ती अजून कंपनीच्या मालकीची आहे. (आपण पोह्यांच्या वेळी हेच सांगत होता ना?) तिथल्या साहेबांनी मला बोलावून चारचौघांत चड्डी उतरवायला सांगितलं. गाढवाचीच, पण साठीच्या माणसाला हे ऐकावं लागलं, जीवनराव. उतरवली, तर बचत गटाच्या बायका धावून आल्या, लेकरांपुढे हे नागडं जनावर कायले उभं केलं म्हणून. शेवटी अकराही भिंतींवर चुना मारला.

एवढंही मी सोसलं असतं. पण शेवटची भिंत पुसून सायकलने परतताना एका नव्या अंगणवाडीवर मला माझा बगळा दिसला. फेटा बांधून, धानाच्या बांधीतल्या पाण्यात एका पायावर उभा राहून पाटी वाचणारा. आमच्या भागातली पोरं तीस वर्षांपासून त्याला गुरुजी म्हणतात. भुपेंद्रने त्याला गॉगल चढवलाय आणि खाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकलाय. मी कधी एकाही बगळ्याखाली सही केली नाही, कारण चित्र पेंटरने काढायचं आणि खाली नाव सरपंचाचं लिहायचं, हीच आपल्याकडची पद्धत. माझ्यामागे माझं म्हणून राहील असं ते एकच काम होतं. त्या गाढवाच्या चड्डीला राखणदार आहे आणि माझ्या बगळ्याला कोणी नाही. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. हे दीपमालाला सांगू नये.

तेव्हा भुपेंद्रला कडक नोटीस पाठवावी. आपल्या देशात चित्र काढणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो, असं आपण परवा फोनवर सांगितलंत. (या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.) बगळा परसरामचा आहे असं एकदा कागदावर यावं, मग मी मरायला मोकळा.

आपला हताश सासरा,
परसराम

ता. क. : पत्र आपल्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दीपमाला लहानपणी जेवत नव्हती तवा चुलीमागच्या भिंतीवर मीनं कोळशानं काढला होता तो बगळा. फेट्यासकट. तुम्ही पाहून नेला." मी खूप आठवून पाहिलं. दुर्दैवाने आठवलं.

आणखी एक : कागदावर माझ्या जागी सौ. तुळसा असं लिहावं. साठ वर्षंही त्यांच्यापासूनच मोजावीत.

शेवटचं : भुपेंद्रला नोटीस पाठवायचं राहू द्यावं. सासूबाई म्हणतात, "त्यानं एकदा चोरला, तुम्ही तीस वर्षं चोरून राहिले." त्यांच्यातर्फे नोटीस माझ्या नावाने काढावी. भाषा जरा सौम्य ठेवावी, मी सासरा आहे आपला.