तंबाखूच्या रोगट पानाबाबत माझी कबुली

मी, एव्दोकिया इलिएवा मानोलोवा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार क्रुमोवग्राद, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र नोटरींसमोर लिहवून घेत आहे. फुप्फुसं थकली आहेत, डोकं नाही. यापूर्वीचं माझं कोणतंही मृत्युपत्र रद्द समजावं.

एक. बँकेतली शिल्लक आणि द्राक्षांचा मांडव असलेला जमिनीचा तुकडा माझा भाचा ओग्न्यान याला. तो वर्षातून एकदाच उगवतो, तोही द्राक्षं पिकल्यावर. पण रक्ताचं दुसरं कोणी उरलेलं नाही.

दोन. माझा सूक्ष्मदर्शक शाळेला. माजी उपमुख्याध्यापक काल्चो पेनेव यांना काहीही नाही. विषाणू जिवंत की निर्जीव, यावर मी मुलांना तासन्‌तास भांडू द्यायचे, म्हणून त्यांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "पुस्तकात एका ओळीत उत्तर आहे, बाई. निर्जीव! वर्गाचा बाजार कशाला मांडता?" ती ओळ पोपटालाही पाठ झाली असती. माझ्या वर्गात दावा मांडायचा, पुरावा द्यायचा आणि विरुद्ध बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं आधी आपल्या तोंडाने सांगायचं.

तीन. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात तंबाखूचं एक वाळलेलं, रोगट पान आहे. त्याचा चुरा पाण्यात कालवून कोवळ्या रोपाला चोळला की पंधरवड्यात रोप चितकबरं व्हायचं. "आता बोला, पानातलं ते मेलेलं होतं का?" असं विचारलं की वर्गात रण पेटायचं. तो डबा न उघडता चुलीत टाकावा.

चार. राहतं घर, सामानासह, गुलतेन रुशेन हिला. त्याचं कारण सविस्तर लिहिणं भाग आहे.

१९९४ च्या एप्रिलमध्ये गुलतेन दहावीत होती. "निर्जीव" या बाजूने तिच्याइतकं चांगलं पुन्हा कोणी बोललं नाही. "बाई, कुलूप उघडलं म्हणून किल्ली जिवंत होते का?" असं तिने विचारलं होतं. त्या दिवशी पानाचा चुराही तिनेच केला. शाळेतला साबण संपला होता. आमच्या भागात शेंबडं पोरही तंबाखूच्या रोपांना हात लावण्याआधी हात धुतं. ती म्हणालीच, "बाई, मला वाफ्यावर जायचंय." मला मीटिंगची घाई होती. मी म्हटलं, "नुसत्या पाण्याने धू गं, काही होत नाही."

जुलैत तिच्या बापाचं, रुशेनचं, अख्खं शेत चितकबरं झालं. मी बघायला गेले. तो बांधावर बसला होता. "बाई, तुम्ही शिकलेल्या. हे काय झालं हो?" मला पाहताक्षणी कळलं होतं. मी म्हटलं, "मावा पडला असेल. हवाच वाईट आहे यंदा."

सप्टेंबरात गुलतेन वर्गात उभी राहिली. "तो मावा नव्हता, बाई. पानं इथल्या रोपासारखीच झाली होती. विषाणू जिवंत आहे. आमचं शेत खाल्लं त्याने." मी घाबरले. "राग म्हणजे पुरावा नव्हे. खाली बस," असं म्हणून तिला दोन गुण दिले, म्हणजे नापास. आठवडाभरात ती शिवणकामाच्या कारखान्यात लागली.

गेल्या वर्षी सगळं सांगायचं ठरवून तिच्या घरी गेले. तिने कॉफी केली. म्हणाली, "आमचं शेत गेलं तेव्हा बघायला फक्त तुम्हीच आला होतात, बाई. खरं सांगू? ते माझ्यामुळे गेलं. मी त्या दिवशी हात नीट धुतले नव्हते. बाबांना ते जाईपर्यंत सांगू शकले नाही."

मी कॉफी संपवली आणि घरी आले. याची मला जन्माची लाज वाटते.

आता माझा दावा: ते शेत माझ्यामुळे गेलं. पुरावा वर दिला आहे. विरुद्ध बाजूचं भक्कम म्हणणं असं, की त्या साली खालच्या गावातही रोग होता. त्याच आधारावर मी पंचवीस वर्षं झोपले. पण खालच्या गावात रोग ऑगस्टमध्ये आला, रुशेनच्या शेतात जुलैत.

हे कलम गुलतेनला आधी वाचून दाखवावं, किल्ली नंतर द्यावी. तिने घर नाकारलं तर कोणीही तिची समजूत काढू नये. नोटरी म्हणाले, "बाई, असलं मृत्युपत्रात घालत नाहीत." मी म्हटलं, "घाला."

गुलतेन, वाफ्यावर जायचंय हे तू सांगितलं होतंस. मी "काही होत नाही" म्हटलं होतं.

साक्षीदार: इव्हांका तोदोरोवा, शेजारीण; मेतोदी रानगेलोव, औषधविक्रेता
सही: ए. मानोलोवा
क्रुमोवग्राद, ११ नोव्हेंबर २०१९